परभणी ते जर्मनी: परदेशातल्या एका सत्राचा हिशेब

विद्यार्थी विनिमय म्हणजे आपल्या विद्यापीठातले नाव कायम ठेवून परदेशातल्या विद्यापीठात एक सत्र शिकणे. पदवी मूळ विद्यापीठाचीच मिळते. शिक्षणशुल्कही तिथेच भरायचे असते. परदेशात मिळवलेले क्रेडिट मात्र घरच्या गुणपत्रकात जमा होतात. एम. एस. करायला दोन वर्षे परदेशी जाणे वेगळे आणि दहा दिवसांचा अभ्यासदौराही वेगळा. विनिमयाचे सत्र चार ते सहा महिन्यांचे असते. तेवढ्या काळात विद्यार्थ्याला तिथे वर्गात बसावे लागते, परीक्षा द्यावी लागते, खोली भाड्याने घ्यावी लागते आणि स्वतःचा स्वयंपाक करावा लागतो.

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही म्हण परभणी जिल्ह्यात लहानथोरांच्या तोंडी असते. ती कुठून आली याच्या गोष्टी मात्र प्रत्येकाच्या वेगळ्या. म्हणीचा मान राखून येथे परभणीच्या कृषी पदवीच्या विद्यार्थ्याने जर्मनीत एक सत्र काढायचे ठरवले तर काय काय जुळवावे लागते, हे उदाहरण घेतले आहे. जिल्ह्यात वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आहे आणि जर्मनीत शेतीशास्त्राची परंपरा जुनी आहे, म्हणून हे उदाहरण नुसते यमकापुरते राहत नाही.

शिक्षणासाठी दूर जाणे या भागाला नवे नाही. १९४८ पर्यंत परभणी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. उच्च शिक्षणासाठी परभणी, सेलू, जिंतूरकडच्या मुलांना हैदराबादची वाट धरावी लागे. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते. घरी मराठी बोलणाऱ्या मुलाने इतिहास आणि गणित उर्दूतून शिकायचे, हा परक्या भाषेतल्या सत्राचाच अनुभव होता, फक्त पासपोर्ट लागत नव्हता. मराठवाड्याला स्वतःचे विद्यापीठ औरंगाबादेत १९५८ मध्ये मिळाले.

समुद्रापार जाणाऱ्यांची गोष्ट निराळी होती. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत शेतीशास्त्र शिकले, गदर चळवळीत पडले आणि पुढे मेक्सिकोत चापिंगोच्या कृषी विद्यालयात शिकवू लागले. मक्याच्या वाणांवरचे त्यांचे काम तिथलेच. त्या पिढीत परदेशी शिकायला जाणारा माणूस कधी परतेल हे घरच्यांनी विचारायचे नसे. सहा महिन्यांत परत येण्याच्या अटीवर जाणे ही कल्पना त्यानंतर कितीतरी वर्षांनी रुळली.

गंमत अशी की परभणीच्या कृषी विद्यापीठात आज ज्या ‘सत्रा’चा आणि ‘क्रेडिट’चा हिशेब चालतो, तोच मुळात अशा देवाणघेवाणीतून आलेला आहे. अमेरिकेत १८६२ च्या मॉरिल कायद्याने राज्यांना जमिनी देऊन शेती आणि यंत्रविद्या शिकवणारी महाविद्यालये उभी केली. त्याच धर्तीवर भारतात १९६० मध्ये पंतनगरचे पहिले कृषी विद्यापीठ निघाले. अमेरिकी मदतीच्या कार्यक्रमात तिथल्या निरनिराळ्या विद्यापीठांकडे भारतातले एकेक राज्य सोपवले गेले. आंध्रकडे कॅन्सस, ओरिसाकडे मिसूरी आणि महाराष्ट्राकडे पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठ आले. तिकडचे प्राध्यापक इकडे येऊन राहिले, इकडचे अध्यापक तिकडे शिकून आले. १९६८ मध्ये राहुरीला महाराष्ट्र कृषी विद्यापीठ सुरू झाले. पुढे त्यातूनच विभागवार विद्यापीठे निघाली आणि १८ मे १९७२ रोजी परभणीचे मराठवाडा कृषी विद्यापीठ जन्माला आले. वसंतराव नाईकांचे नाव त्याला २०१३ मध्ये मिळाले. वर्षाअखेरच्या एकाच मोठ्या परीक्षेऐवजी सत्रपद्धती, शिकवणाऱ्याने स्वतः घ्यायच्या चाचण्या, शिक्षण-संशोधन-विस्तार यांची एकत्र मोट, हे सारे त्या प्रवासाचे सामान आहे. तेव्हा मोठ्या प्रमाणावर आले-गेले ते शिक्षक. विद्यार्थ्यांची पाळी नंतर आली.

अलीकडे भारतीय कृषी अनुसंधान परिषद आणि जागतिक बँक यांच्या राष्ट्रीय कृषी उच्च शिक्षण प्रकल्पातून परभणीला डिजिटल शेतीचे केंद्र मिळाले. यंत्रमानव, ड्रोन आणि स्वयंचलित वाहने हा त्याचा विषय. अशा केंद्रांमधून पदव्युत्तर विद्यार्थी आणि प्राध्यापक परदेशी विद्यापीठांत अल्पमुदतीच्या प्रशिक्षणाला जाऊ लागले. हे प्रशिक्षण उपयोगी असले तरी ते विनिमयाचे सत्र नव्हे. प्रशिक्षणाला प्रमाणपत्र मिळते, सत्राला क्रेडिट मिळतात. प्रमाणपत्र फाईलला लागते आणि क्रेडिट पदवीत मोजले जातात.

परदेशातले क्रेडिट घरच्या पदवीत मोजण्याची पद्धत सर्वांत नेटकी बसवली ती युरोपने. १९८७ मध्ये इरॅस्मस योजना सुरू झाली तेव्हा पहिल्या वर्षी ११ देशांतले ३,२४४ विद्यार्थी दुसऱ्या देशात गेले. एका देशातला अभ्यास दुसऱ्या देशात धरायचा कसा, ही अडचण लगेच पुढे आली आणि तिच्यातून युरोपीय क्रेडिट पद्धत निघाली. पूर्ण वर्षाला ६० क्रेडिट, एका सत्राला ३०, आणि एका क्रेडिटमागे विद्यार्थ्याचे २५ ते ३० तासांचे काम. यात व्याख्यान, वाचन आणि परीक्षेची तयारी सगळे धरलेले असते. भारतात क्रेडिट मोजतात ते वर्गातल्या तासांवर, म्हणजे आठवड्याला एक तास व्याख्यान किंवा दोन तास प्रात्यक्षिक. मोजमापच वेगळे असल्यामुळे आकड्याला आकडा लावून चालत नाही. परभणीतल्या सत्राचे वीसेक क्रेडिट आणि जर्मनीतले ३० क्रेडिट हे साधारण सारखेच ओझे असते.

म्हणूनच जाण्याआधी तीन सह्यांचा एक कागद तयार करतात. विद्यार्थी, मूळ विद्यापीठ आणि यजमान विद्यापीठ यांच्यातला हा अभ्यासकरार. तिकडचा कोणता विषय इकडच्या कोणत्या विषयाच्या जागी धरायचा, हे त्यात आधीच लिहिलेले असते. हा कागद पक्का नसेल तर विद्यार्थी परत येतो आणि त्याला सांगितले जाते की तिकडची मृदाशास्त्राची परीक्षा उत्तम झाली खरी, पण इकडच्या मृदाशास्त्राचा बॅकलॉग तसाच आहे. दोन विद्यापीठांनी सामंजस्य करारावर सह्या करून फोटो काढणे सोपे असते. विषयाला विषय जुळवण्याचे किचकट काम विभागातल्या एखाद्या प्राध्यापकाच्या टेबलावर होते, आणि बहुतेक करार याच टेबलावर अडतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनी ‘ट्विनिंग’ कार्यक्रमात एकूण क्रेडिटपैकी ३० टक्क्यांपर्यंत परदेशात मिळवण्याची मुभा दिली आहे. कृषी पदवीचा अभ्यासक्रम मात्र कृषी अनुसंधान परिषदेच्या अधिष्ठाता समित्या ठरवतात, त्यामुळे कृषीच्या विद्यार्थ्याला दोन्हीकडचे नियम पाहावे लागतात.

गुणांचे तर आणखीच उफराटे. जर्मनीत १.० हा सर्वोत्तम गुण, ४.० म्हणजे जेमतेम पास आणि ५.० म्हणजे नापास. आपल्याकडे दहापैकी जितके जास्त तितके चांगले. पोराने पाठवलेल्या गुणपत्रकावर १.३ पाहून घरच्यांच्या पोटात गोळा यावा आणि प्रत्यक्षात तो वर्गात वरच्या नंबरात असावा, असे होऊ शकते. ही अदलाबदल करायला जर्मन विद्यापीठे एक सूत्र वापरतात. सर्वोच्च शक्य गुणांतून मिळालेले गुण वजा करायचे. त्या उत्तराला सर्वोच्च आणि किमान उत्तीर्ण गुणांतल्या फरकाने भागायचे, तिनाने गुणायचे आणि शेवटी एक मिळवायचा. परभणीच्या विद्यार्थ्याचा ओजीपीए, म्हणजे सर्व सत्रांची मिळून गुणसरासरी, दहापैकी ८ आहे आणि उत्तीर्ण होण्यास ५ लागतात असे धरू. दहातून आठ गेले, राहिले दोन. दहातून पाच गेले, राहिले पाच. दोन भागिले पाच, गुणिले तीन, म्हणजे १.२. त्यात एक मिळवला की २.२. जर्मन फूटपट्टीवर हा ‘चांगला’ गुण आहे. परत येताना हेच गणित उलटे करावे लागते आणि ते कोणत्या नियमाने करायचे हे घरच्या विद्यापीठाने आधी ठरवलेले असावे लागते.

यापुढची अडचण शेतीच्या विद्यार्थ्याची खास आहे. संगणकशास्त्राला ऋतू नसतो, शेतीला असतो. जर्मनीत हिवाळी सत्र ऑक्टोबर ते मार्च आणि उन्हाळी सत्र एप्रिल ते सप्टेंबर असते. हिवाळी सत्राची व्याख्याने साधारण ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत चालतात. परभणीचा विद्यार्थी त्या सत्राला गेला तर त्याला शेतात बोटभर उगवून थंडीत निपचित पडलेला गहू दिसेल आणि बाकी शेती प्रयोगशाळेत आणि पडद्यावर पाहावी लागेल. खरे शिकण्यासारखे असते ते एप्रिल ते जुलैमध्ये, जेव्हा गहू निसवतो, बटाटा आणि बीट वाढीला लागते, मोहरीवर्गातले रेपसीड पिवळे होते. पण नेमके तेव्हाच इकडचे सम सत्र संपत आलेले असते आणि परीक्षा तोंडावर असतात. दोन्ही वेळापत्रके आठ-दहा आठवडे एकमेकांवर चढतात. इकडच्या परीक्षा लवकर घेण्याची किंवा पुढे ढकलण्याची सोय विद्यापीठाने केली नाही, तर विद्यार्थ्याचे एक नव्हे, दोन सत्रांचे नुकसान होते.

खर्चाचा विचार करताना शुल्क आणि राहणी वेगळी धरावी. विनिमयात यजमान विद्यापीठ शिक्षणशुल्क घेत नाही. बाडेन-वुर्टेंबर्ग राज्यात २०१७ च्या हिवाळी सत्रापासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो शुल्क आहे, पण विनिमयाच्या विद्यार्थ्यांना त्यातून सूट मिळते. राहणी मात्र स्वतःची. व्हिसासाठी जर्मनी जो किमान खर्च धरते तो सप्टेंबर २०२४ पासून महिन्याला ९९२ युरो आहे. पाच महिन्यांचे ४,९६० युरो होतात. युरो ९० ते १०० रुपयांच्या घरात धरला तर साडेचार ते पाच लाख रुपये, विमानभाडे वेगळे. कापूस-सोयाबीनवर चालणाऱ्या घराला ही रक्कम स्वतःच्या खिशातून काढणे जवळपास अशक्यच. शिष्यवृत्तीवाचून विनिमय ही प्राध्यापक, डॉक्टर आणि व्यापाऱ्यांच्या मुलांची सहल ठरते, असे म्हणणाऱ्यांचे फारसे चुकत नाही. इरॅस्मसमधून युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांसाठी २०१५ पासून दार उघडले आणि १९२५ मध्ये स्थापन झालेली जर्मनीची ‘डाड’ ही संस्थाही विनिमयाला पैसे देते. त्यासाठी अर्ज मात्र विद्यापीठाच्या करारामार्फत जावा लागतो. करार नसेल तर एकट्या हुशार विद्यार्थ्याचा निभाव लागणे कठीण.

तिथे पोचल्यावरचे पहिले दोन आठवडे बहुतांशी कागदांत जातात. घर मिळाल्यापासून दोन आठवड्यांत नगर कार्यालयात पत्ता नोंदवायचा. ती नोंद नसेल तर पुढची कामे खोळंबतात. आरोग्यविमा सक्तीचा. वसतिगृहात रात्री दहानंतर आवाज केला तर शेजारी दार वाजवतो आणि त्यात त्याला काही वावगे वाटत नाही. रविवारी दुकाने बंद असतात, हे न ठाऊक असलेला विद्यार्थी पहिला रविवार बिस्किटांवर काढतो. प्लास्टिकच्या पाण्याच्या बाटलीवर २५ सेंट अनामत असते आणि ती यंत्रात टाकली की परत मिळते.

जेवणाचे हाल होतात असे ऐकवले जाते, पण भात, डाळ, भाज्या आणि मसाले आता कोणत्याही मोठ्या जर्मन शहरात मिळतात आणि विद्यार्थी खानावळीत शाकाहारी थाळीही असते. मिळत नाही ती ताजी ज्वारीची भाकरी. जर्मनीत ज्वारी दिसते ती शेतात, आणि तिथेही बहुतेक जनावरांच्या चाऱ्यासाठी आणि बायोगॅससाठी. परभणीच्या विद्यापीठाने इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेबरोबर लोह आणि जस्त जास्त असलेला ‘परभणी शक्ती’ हा ज्वारीचा वाण २०१८ मध्ये दिला. तेच पीक माणसाच्या ताटासाठी सुधारणारे विद्यापीठ आणि तेच पीक वायूच्या टाकीत घालणारा शेतकरी, यांच्यातला फरक समजावून सांगायला गेले की हवामान, जमीनधारणा, वीजदर आणि अनुदान असे चार विषय निघतात. वर्गात हे चार विषय चार वेगळ्या पुस्तकांत असतात.

थंडीची भीती सगळे घालतात. परभणीचा विद्यार्थी तिला अगदी अनोळखी नसतो. कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेत डिसेंबर २०१८ च्या अखेरीस पारा ३ अंशांच्या आसपास उतरला होता. त्रास होतो तो अंधाराचा. डिसेंबरात परभणीत दिवस अकरा तासांचा असतो. जर्मनीतल्या स्टुटगार्टमध्ये तो सव्वाआठ तासांवर येतो. सकाळी अंधारात वर्गाला जायचे आणि साडेचारच्या सुमारास पुन्हा अंधारात परतायचे. त्याच वेळी परभणीत नऊ वाजलेले असतात, घरची जेवणे उरकलेली असतात आणि फोन वाजतो. हा फोन रोज आला तर मन रमत नाही, आलाच नाही तर झोप लागत नाही.

परक्या देशात मनाची जी अवस्था होते तिचा अभ्यास १९५० च्या दशकात सुरू झाला. मानववंशशास्त्रज्ञ कालेर्व्हो ओबर्ग यांनी तिचे टप्पे मांडले. आधी नवलाई, मग चिडचिड आणि घराची ओढ, मग हळूहळू सावरणे. नॉर्वेचे स्वेरे लिसगार्ड यांनी १९५५ मध्ये फुलब्राइट शिष्यवृत्तीवर अमेरिकेत राहून आलेल्या दोनशेहून अधिक नॉर्वेजियनांना गाठले. सहा महिन्यांपेक्षा कमी राहिलेले बऱ्यापैकी रमले होते, दीड वर्षाहून जास्त राहिलेलेही रमले होते. खरी फरफट झाली ती मधल्यांची. नंतरच्या संशोधकांना ही वळणे इतकी नेमकी आढळली नाहीत. तरी लिसगार्डचा निष्कर्ष विनिमयाच्या सत्राला लावून पाहिला तर एक गोष्ट ध्यानात येते. सत्राचा विद्यार्थी नवलाई ओसरते न ओसरते तोच परत निघतो. त्यामुळे ‘तिकडे सगळे छान असते’ असे सांगत फिरणाऱ्या सहा महिन्यांच्या पाहुण्यापेक्षा तिथे चार वर्षे भाडे भरलेल्या माणसाचे मत अधिक धरावे. १९६३ मध्ये गुलाहॉर्न दांपत्याने यात भर घातली, की परतल्यावर घरीही असाच एक उतार येतो. गावाकडे सगळे जसेच्या तसे असते आणि परतलेल्याला तेच खटकते.

परभणीच्या विद्यार्थ्याला अशा सत्राची थोडीफार तालीम आधीच मिळालेली असू शकते. पाचव्या अधिष्ठाता समितीच्या अभ्यासक्रमात सातवे सत्र ग्रामीण कृषी कार्यानुभवाचे होते. विद्यार्थी ‘कृषीदूत’ आणि ‘कृषीकन्या’ म्हणून एखाद्या गावात जातात. प्रत्येकाला एक यजमान शेतकरी असतो. शाळेच्या अंगणात रांगोळीने गावाचा नकाशा काढायचा, बीजप्रक्रिया करून दाखवायची, मातीचे नमुने घ्यायचे आणि रोजनिशी लिहायची. शहरात वाढलेल्या मुलीला पालम किंवा सोनपेठ तालुक्यातल्या गावात पहिले काही दिवस जसे जातात, ते ओबर्गच्या टप्प्यांहून फार वेगळे नसते. आपण शिकवायला आलो आहोत हा समज उतरला आणि यजमानाच्या औतामागे चालायला सुरुवात झाली की शिकणे सुरू होते. गावात ज्याला हे जमले त्याला जर्मनीत फारसे जड जात नाही, कारण परका माणूस म्हणून राहण्याची कला दोन्हीकडे सारखीच लागते.

या साऱ्यात एक बाजू नेहमी लंगडी राहते. विनिमय म्हणजे देवाण आणि घेवाण. आपली मुले गेली तितकीच तिकडची आली पाहिजेत, कारण शुल्कमाफी त्याच तत्त्वावर उभी असते. परभणीने देण्यासारखे पुष्कळ आहे. जर्मनीतल्या स्टुटगार्टजवळचे होहेनहाईमचे कृषी विद्यालय १८१८ मध्ये निघाले ते १८१६ च्या ‘उन्हाळा न आलेल्या’ वर्षातल्या दुष्काळाच्या धक्क्याने. दूरच्या तंबोरा ज्वालामुखीने त्या वर्षी युरोपातले पीक बुडवले होते. परभणीचे विद्यापीठ ज्या साली निघाले त्याच साली, १९७२ मध्ये, महाराष्ट्रात मोठा दुष्काळ पडला. एकाने थंडीचा दुष्काळ पाहिला, दुसऱ्याने कोरडा. कोरडवाहू शेतीवर परभणीत चालणारे संशोधन आणि तडे जाणारी काळी जमीन युरोपात बसून समजणार नाही. शिवाय वेळापत्रक इथे साथ देते. जर्मनीचे हिवाळी सत्र ऑक्टोबर ते मार्च, आणि रब्बीची ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरून फेब्रुवारी-मार्चात काढतात. तिकडचा विद्यार्थी त्या सहा महिन्यांत इथे आला तर पावसाच्या साठलेल्या ओलीवर एक पूर्ण पीक पेरणीपासून हुरड्यापर्यंत आणि पुढे काढणीपर्यंत पाहील. त्याला इंग्रजीत शिकवले जाणारे पुरेसे विषय, नीट वसतिगृह आणि मेसमध्ये जरा कमी तिखट एवढी सोय करावी लागेल.

इकडून जाणाऱ्यासाठी मात्र उन्हाळी सत्रच योग्य. ते एप्रिलमध्ये लागते. विद्यापीठाची शिफारस, अभ्यासकरार, विमा आणि मुंबईत व्हिसाचा अर्ज यांना मिळून सहा-आठ महिने सहज जातात. एप्रिलला निघायचे असेल तर पासपोर्टचा अर्ज आदल्या वर्षीच्या मृगातच टाकावा आणि आपल्या विभागात विषय जुळवून देणारे प्राध्यापक कोण, हे त्याच्याही आधी विचारून घ्यावे.